अवसर इल्ला

पद्मावतीबाई श्रावणात गेल्या. भाद्रपदातल्या एका शनिवारी त्यांची मुलगी अनुसूया गावाबाहेरच्या सॅनेटोरियममध्ये त्यांचा फळा आणायला गेली, आणि फळा तिथेच ठेवून परत आली.

फळा तसा साधाच होता. हातभर रुंद, वरच्या कडेला दोन भोकं आणि त्यांत ओवलेली सुतळी. पद्मावतीबाईंनी तो बंगलोरच्या चिकपेटेतल्या एका सुताराकडून करून घेतला होता. खाटेच्या पायथ्याशी असलेल्या लोखंडी दांड्याला सुतळी बांधली, की उताण्या निजलेल्या मुलाला मान न उचलता त्यावरचं वाचता येई. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला भेटायला म्हणून सॅनेटोरियममध्ये गेल्या. ती मुलगी पुढच्या वर्षी बरी होऊन घरी गेली, पण बाईंचं तिथलं जाणं काही सुटलं नाही. तेरा-चौदापासून अठरा वर्षांपर्यंतची पाच-सहा मुलं तिथे कायम असायची. शाळेतून त्यांची नावं कमी झालेली असत. क्षय म्हटला की सख्खे नातलगसुद्धा दारातूनच विचारपूस करत, तिथे मास्तर कुठून येणार? पद्मावतीबाई मात्र दर शनिवारी पिशवीत खडू घेऊन बसने जात आणि कन्नड मुलाला कन्नडात, तमिळ मुलाला मोडक्या तमिळात, जमेल ते शिकवत.

फुप्फुसांना विश्रांती म्हणून काही मुलांना बोलायचीसुद्धा मनाई असे. त्यांच्यासाठी बाईंनी युक्ती काढली होती. प्रश्न असा विचारायचा की उत्तर हो किंवा नाही एवढंच आलं पाहिजे. हो असेल तर एक बोट वर, नाही असेल तर दोन, आणि नुसती मूठ वर आली तर पुन्हा समजावून सांगायचं. "मुठी फार आल्या तर समजावं, मास्तर कच्चा आहे," असं त्या घरी येऊन सांगत.

अनुसूया वॉर्डात शिरली तेव्हा शालन शेडगे खाटेवर उशीला टेकून बसली होती. सोळा संपून सतरावं लागलेलं, दोन वेण्या, गालांची हाडं वर आलेली. तिला बोलायची परवानगी मिळून दोन महिने झाले होते आणि तिचा ती पुरेपूर उपयोग करत होती.

"तुम्ही पद्मक्कांच्या कोण?"

"मुलगी."

"त्या गेल्या ना?"

अनुसूया खाटेजवळ आली. "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. इथे कोणी यायचं थांबलं की त्याचे दोनच अर्थ. माणूस घाबरलं, नाहीतर गेलं. पद्मक्का घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या." शालनने चादरीची घडी सारखी केली. "तुम्हाला भूमिती येते?"

"मी हायस्कुलात भूमितीच शिकवते."

"ती उभ्या मुलांना. निजलेल्यांना शिकवून बघा."

घरी आल्यावर अनुसूयाने वडिलांना, भीमाचार्यांना, एवढंच सांगितलं की पुढच्या शनिवारी जेवायला उशीर होईल. ते वर्तमानपत्रातून मान वर न करता "सरी", म्हणजे बरं, म्हणाले. त्या घरात शिवाजीमहाराजांच्या काळापासून मराठी बोलली जात होती असं ते अभिमानाने सांगत, पण तेवढ्याच काळापासून ती कन्नडात भिजतही आली होती. पोळीबरोबर भाजी ‘स्वल्प’ वाढली जाई, आणि वडिलांना मुलं अण्णा म्हणत.

शालनचं घराणं मात्र निराळं. ते लोक वाईकडचे. वडील विश्वेश्वर शेडगे फिटर होते. दीड वर्षापूर्वी बंगलोरला एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून बायकोला आणि मुलीला घेऊन आले आणि राजाजीनगरात खोली घेतली. सामान लावून होतं न होतं तोच पोरीच्या थुंकीत रक्त दिसलं. वाईच्या शाळेतून ती नववी झाली होती. तिच्या वर्गातल्या मुली आता मॅट्रिकच्या उंबरठ्यावर होत्या, दोघी तर सासरीसुद्धा पोहोचल्या होत्या.

"मला मार्चमध्ये एस.एस.एल.सी.ला बसायचंय," शालनने पहिल्याच धड्याला सांगून टाकलं. "बाहेरून. पद्मक्का म्हणाल्या होत्या, जमेल."

"एवढी निकड कसली?"

"सगळे कुठे ना कुठे गेले, बाई. मला निदान पुढच्या इयत्तेत तरी जाऊ द्या."

इथल्या या मॅट्रिकची परीक्षा इंग्रजीत द्यायची आणि डोक्यात सगळं मराठी. म्हणून प्रमेय आधी मराठीत बोलायचं आणि मग इंग्रजीत लिहायचं अशी पद्धत त्यांनी ठरवली. शालनला पक्ष, साध्य, सिद्धता हे तीन शब्द फार आवडत. कोणी वॉर्डात काही गडबडीने सांगू लागलं, की ती म्हणे, "आधी पक्ष सांगा, पक्ष. साध्यावर उडी मारू नका." मुलं हसत. ज्यांना हसायची मनाई होती ती छतावर डोळे लावून पोट आवळून धरत.

अनुसूयाला सुरुवातीला जड गेलं. शाळेत चाळीस मुलींच्या कलकलाटात तिचा आवाज चढलेला असे. इथे अर्धा तास झाला की मुलांचे डोळे मिटू लागत, आणि तेव्हा थांबावं लागे. पण जाणं तिने चुकवलं नाही. शनिवारची दुपार घरी काढणं तिला त्याहून जड गेलं असतं. आई शनिवारी घरात कधी नसायचीच, तरीही.

विश्वेश्वररावांना कन्नड शिकण्याची भारी हौस होती. कारखान्यात हिंदी-इंग्रजीवर भागत होतं, पण ज्या गावचं पाणी प्यायचं त्या गावची बोली आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि दोनशे शब्द तर आताच येतात, असा दावा. आठवड्याच्या भेटीला आले की ते वॉर्डातल्या गंगव्वा आयाशी कन्नडात बोलत, आणि गंगव्वा तोंडाला पदर लावून ऐके.

"एकदा यांनी कंडक्टरला बस थांबवा म्हणायच्या ऐवजी बस खा म्हणून सांगितलं," शालनची आई कौशल्याबाई म्हणाल्या. "तो बिचारा बघतच राहिला."

"पण बस थांबली की नाही?" विश्वेश्वरराव म्हणाले. "थांबली ना? मग झालं तर."

पौषात शालनच्या थुंकीत जंतू सापडेनासे झाले. इंजेक्शनं कमी झाली, वजन चढलं. रोज सकाळी व्हरांड्यात चालायची परवानगी मिळाली. परीक्षेची फी मात्र अजून भरली नव्हती. सॅनेटोरियमच्या डॉक्टरांचा दाखला जोडल्याशिवाय तिचा अर्ज कोणी घेणार नव्हतं, आणि त्याबद्दल डॉक्टर हयवदनराव यांना विचारायचं काम शालनने वडिलांवर सोपवलं होतं.

संक्रांत आठवड्यावर आली असताना एका संध्याकाळी विश्वेश्वरराव अनुसूयाच्या घरी आले. अंगावर कारखान्याचेच कपडे. भीमाचार्यांनी त्यांना बसायला सांगितलं तरी ते दाराशीच उभे राहिले. हातात शालनची भूमितीची आणि इंग्रजीची पुस्तकं होती, अनुसूयाने दिलेली.

"बाई, ही पुस्तकं परत करायला आलो. तुमचे उपकार फार आहेत. पण आता पोरीला त्रास नको द्यायला."

"का? काय झालं?"

"डॉक्टरांना भेटलो. परीक्षेचं विचारलं." ते थांबले. "ते म्हणाले, अवसर नाही. घेऊन जा घरी."

अनुसूयाच्या हातात पितळी तांब्या होता. तो तिने खाली ठेवला.

"असं म्हणाले?"

"हसून म्हणाले. मोठे डॉक्टर असं हसूनच सांगत असतील. पाठीवर हात ठेवला माझ्या." विश्वेश्वररावांनी पुस्तकं कट्ट्यावर ठेवली आणि वरचं जरा सरळ केलं. "तिला अजून बोललो नाही. नरसोबाच्या वाडीला नेतो. तिच्या आईची इच्छा आहे. पाहू, देवाच्या मनात असेल तर."

अनुसूयाने पुढे एक प्रश्नही विचारला नाही. पाच महिन्यांपूर्वी याच खोलीत दुसऱ्या एका डॉक्टरांनी अशाच हळू आवाजात अण्णांना बाजूला घेतलं होतं. असं काही ऐकताना माणूस काय विचारतो? अजून किती, एवढंच. आणि तेही तिला विचारवलं नाही. विश्वेश्वरराव गेल्यावर भीमाचार्यांनी पुस्तकं उचलून कपाटात ठेवली.

"वजन चढलं होतं ना त्या मुलीचं?" ते म्हणाले.

"आईचंही चढलं होतं," अनुसूया म्हणाली.

शनिवारी ती गेली, ती निरोप घ्यायला. वॉर्डात शालनच्या खाटेवर ट्रंक उघडी होती. कौशल्याबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि प्रत्येक घडीला डोळे पुसत होत्या. नवं रेशमी परकर-पोलकं उशीवर पडलं होतं. सतरा वर्षांच्या मुलीला परकर-पोलकं! बहुधा शिंप्याला घाईत दुसरं काही सुचलं नसावं, किंवा आईला. विश्वेश्वरराव बाहेर व्हरांड्यात पाठमोरे उभे होते. शालन खुर्चीवर बसून सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत होती.

"बाई, तुम्ही आलात, बरं झालं," ती म्हणाली. "मला घरी नेताहेत. तिथून वाडीला. कालपासून शिरा खाऊ घालताहेत. आई मला ‘बाळ’ म्हणते. आयुष्यात कधी म्हणाली नव्हती, कारटीच म्हणायची."

"गप्प बस ग," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि लगेच, "बस हो, बाळ," अशी दुरुस्ती केली.

"बघा! डॉक्टर काय म्हणाले ते कोणी सांगत नाही. मी मरणारेय का?"

पलीकडच्या खाटेवरच्या मुलाने डोळे मिटून घेतले. शालन अनुसूयाकडे वळली.

"तुम्हीच शिकवलंत ना, बाई? पक्ष काय तो आधी नीट मांडायचा. डॉक्टर काय म्हणाले? शब्द न शब्द. मग साध्य काय ते मी बघते."

अनुसूयाच्या लक्षात आलं की तो शब्द न शब्द तिलाही ठाऊक नाही. तिने विश्वेश्वररावांचं ऐकलं होतं, डॉक्टरांचं नाही. आणि डॉक्टर हयवदनराव तर मद्रासला गेलेले, संक्रांतीपर्यंत येणार नव्हते. ती व्हरांड्यात गेली.

"विश्वेश्वरराव, डॉक्टर तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलले?"

"कन्नडात. मीच कन्नडात विचारलं. त्यांना बरं वाटलं." एवढ्या दुःखातही त्यांच्या आवाजात किंचित अभिमान आला.

"जसं म्हणाले तसंच सांगा. मराठी करू नका."

विश्वेश्वररावांनी डोळे मिटले. पाठ केलेली कविता म्हणावी तसे सावकाश बोलू लागले. "परीक्षेगे एनू अवसर इल्ला. मग मध्ये अब्बा का काय म्हणाले, उसासा टाकल्यासारखं. अब्बक्के असं काहीतरी. बेकादरे मनेगे करकोंडु होगि." त्यांनी डोळे उघडले. "अवसर इल्ला ऐकल्यावर पुढचं काय कानात शिरतंय, बाई?"

अनुसूयाने व्हरांड्याच्या खांबाला हात लावला. तिच्या घरात जेवताना, आंघोळीला जाताना, बस पकडताना दिवसातून दहा वेळा हा शब्द येई. अवसर कशाला करतेस? अवसर करू नको, भाजेल. तोच शब्द वाईच्या माणसाच्या मराठीत तिने ऐकला, आणि तिकडच्या लोकांची मराठी शुद्ध असते म्हणून शुद्ध मराठीतलाच, वेळ उरला नाही असा अर्थ घेऊन ती मोकळी झाली.

"अहो," ती म्हणाली, "अवसर म्हणजे घाई."

"काय?"

"कन्नडात अवसर म्हणजे घाई. एनू अवसर इल्ला, काही घाई नाही. परीक्षेची घाई नाही, असं म्हणाले ते. आणि अब्बक्के नव्हे, हब्बक्के. हब्ब म्हणजे सण. सणाला पाहिजे तर घरी घेऊन जा."

"संक्रांतीला?"

"संक्रांतीला. तिळगूळ खायला."

विश्वेश्वरराव तिच्याकडे पाहत राहिले. मग ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून रडू लागले, इतक्या मोठ्याने की गंगव्वा हातातली बादली टाकून धावत आली. अनुसूयाने तिला सगळं सांगितलं. गंगव्वाने आधी देवाचं नाव घेतलं, मग कपाळावर हात मारून घेतला, आणि मग हसू अनावर होऊन ती खांबाला धरून उभी राहिली.

कौशल्याबाईंना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्या ट्रंकेवरच बसल्या.

"दोनशे शब्द येतात म्हणे!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दोनशे! त्यातला एक आपल्या घरात आणलात आणि पोर मारलीत माझी! चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही!"

"अग, पण आपल्यात अवसर म्हणजे..."

"आपल्यातलं आपल्यात ठेवा. उद्यापासून मुकाट हिंदी बोला."

सगळ्या वॉर्डात हसणं पसरलं. ज्यांना मनाई होती तेही हसले, आणि नर्स येऊन सगळ्यांवर ओरडली. अनुसूयाही हसत होती. हसता हसता तिने शालनकडे पाहिलं, तर तीच एकटी हसत नव्हती.

"घाई नाही म्हणजे?" शालन म्हणाली.

"म्हणजे तू बरी होते आहेस."

"ते कळलं. परीक्षेचं काय? घाई नाही म्हणजे या वर्षी नाही, असंच ना?"

शालनने उशीवरचं परकर-पोलकं उचलून आईच्या हातात दिलं.

"डॉक्टरांना घाई नसेल," ती म्हणाली. "मला आहे."

संक्रांतीचे चार दिवस घरी राहून ती परत आली. डॉक्टर हयवदनरावही मद्रासहून परतले. अनुसूया त्यांना जाऊन भेटली. घडलेला प्रकार ऐकून ते आधी खूप हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "यापुढे रोग्यांच्या नातलगांना मी लिहून देत जाईन," ते म्हणाले. परीक्षेबद्दल मात्र त्यांचं मत ठाम होतं. तीन-तीन तासांचे पेपर, आठवडाभर, वर जाण्या-येण्याची दगदग. जखम नुकती बुजते आहे, ती उसवली तर पुन्हा वर्षभर खाट.

"पण ती आताच दोन वर्षं मागे पडली आहे," अनुसूया म्हणाली. "इथल्या मुलांना एक गोष्ट मिळत नाही, डॉक्टर. पुढे जातोय असं वाटणं. ते औषधात धरत नाही आपण."

"तुमच्या आईही असंच बोलायच्या." डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "बरं. एक करू. तिला इथेच जेवणाच्या खोलीत टेबलावर बसवा. तीन दिवस, रोज तीन तास, खऱ्या परीक्षेसारखं. संध्याकाळचा ताप पाहू. तिन्ही दिवस नव्याण्णवाच्या आत राहिला तर दाखला देतो."

शालनला हे सांगितलं तेव्हा तिने अनुसूयाचा हात धरला आणि जोरात दाबला. हाताला जोर आला होता, हेही अनुसूयाने मनाशी नोंदवलं.

अनुसूयाने शाळेतून रजा घेतली. जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या. पहिल्या दिवशी इंग्रजी झालं. तीन तास शालन लिहीत होती आणि अनुसूया समोर बसून परीक्षकासारखी गप्प होती. संध्याकाळी ताप साडेअठ्ठ्याण्णव. कौशल्याबाईंनी घरी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी गणित. दीड तासापर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतर शालनचा टाक मध्येच थांबू लागला. ती कपाळ पुसे आणि पुन्हा लिही. तिचे कान लाल झाले होते. श्वास ओठांतून येत होता, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून ती श्वास तोडून तोडून घेत होती. अनुसूया ते पाहत होती. एका गणितात शालनने सात नव्वे चोपन्न लिहिलं, आणि खोडलं नाही. शालन पाढ्यात कधी चुकत नसे.

अनुसूया उठली आणि तिने कागद ओढून घेतला.

"अजून तास आहे!" शालन म्हणाली.

"पुरे झालं."

"मला काही होत नाहीये!"

"तुला धाप लागली आहे."

"ती सगळ्यांना लागते परीक्षेत! द्या तो कागद. बाई, द्या ना. ताप संध्याकाळी बघायचा ठरलाय. आत्ता कुठे ठरलाय? मी थर्मामीटरच्या आधी गार पाणी पिईन, खाली येतो तो. सगळी मुलं करतात."

"म्हणूनच आत्ता थांबवते आहे."

शालनचे डोळे भरून आले आणि त्यातून राग बाहेर पडला. "पद्मक्का असत्या तर त्यांनी मला बसू दिलं असतं."

अनुसूया कागदांची घडी करत होती. खरंच आईने काय केलं असतं? तिला आईचा चेहरा आठवला, खडूने पांढरी झालेली बोटं आठवली, पण या प्रश्नाचं उत्तर काही त्यात सापडलं नाही.

"दिलं असतं कदाचित," ती म्हणाली. "मला माहीत नाही. पण इथे मी आहे, आणि मी नाही देणार."

"तुम्हाला भीती वाटते. त्या गेल्या म्हणून तुम्हाला सगळ्यांचीच भीती वाटते."

"हो," अनुसूया म्हणाली. "वाटते. चल, पडून राहा आता."

संध्याकाळी ताप शंभराला टेकला. रात्री उतरला, पण डॉक्टरांनी दाखला नाकारला. मार्चची परीक्षा गेली. शालन पुढचे दोन शनिवार भिंतीकडे तोंड करून निजली. अनुसूया शेजारच्या खाटेवरच्या मुलाला कन्नडातून इतिहास शिकवत राहिली, जरा मोठ्याने. तिसऱ्या शनिवारी तिने मुद्दामच एका लढाईचं साल चुकीचं सांगितलं.

"एकसष्ट," भिंतीकडून आवाज आला. "सतराशे एकसष्ट. एवढंही येत नाही का, बाई?"

"येतं. तुला येतं का ते पाहत होते."

शालन कुशीवर वळली. मग म्हणाली, "सप्टेंबरच्या परीक्षेला बाहेरची मुलं बसू शकतात?"

"बसू शकतात. चौकशी करून आले मी."

"कधी?"

"कागद ओढला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग सांगितलं का नाही?"

"तू भिंतीशी बोलत होतीस."

मे महिन्यात शालन सॅनेटोरियममधून घरी गेली. औषधं चालू होती, महिन्यातून एकदा तपासणी होती. धडे आता राजाजीनगरातल्या खोलीत होऊ लागले. शेजारणींनी आधी दार लावून घेतलं, मग खिडकी उघडली, आणि पावसाळ्यात त्यांतल्या एकीने आपल्या मुलालाही गणिताला बसवलं. ऑगस्टमध्ये जेवणाच्या टेबलाऐवजी घरच्या पाटावर पुन्हा तसेच तीन दिवस लिहून झाले. कौशल्याबाई थर्मामीटर हातात धरून दारात उभ्याच राहत. तिन्ही दिवस पारा जागचा हलला नाही. डॉक्टर हयवदनरावांनी दाखला दिला, आणि त्यात काय लिहिलं आहे ते विश्वेश्वररावांना इंग्रजीत, कन्नडात आणि हिंदीत असं तीनदा वाचून दाखवलं.

परीक्षेचं केंद्र बसवनगुडीतली एक शाळा होती. पहिल्या सकाळी चौघं टांग्याने गेली. वाटेत विश्वेश्वररावांनी दोनदा विचारलं, टाक घेतलास का, आणि दोन्ही वेळा शालनने दाखवला. फाटकाशी मुलांची गर्दी होती. सगळी तिच्याहून लहान दिसत होती. शालन क्षणभर थबकली. मग आईच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, साडीचा पदर खोचला आणि त्या गर्दीत शिरली. घंटा झाली. दालनाचं दार लागलं.

"आता काय करायचं?" विश्वेश्वरराव म्हणाले.

"आता आपल्याला काही करायचं नाही," अनुसूया म्हणाली. "तीन तास."

शाळेसमोर दगडी कट्टा होता, त्यावर तिघं बसली. विश्वेश्वरराव थोड्या वेळाने उठून फेऱ्या घालू लागले. रस्त्यावर भाजीवाली ओरडत गेली. शाळेच्या आतून आवाज येत नव्हता. अनुसूयाने पिशवी मांडीवर घेतली. तिच्यात तपासायचे पेपर नव्हते, प्रश्नपत्रिका नव्हत्या, खडूही नव्हता. आदल्या वर्षीच्या श्रावणापासून ती एकसारखी कुठेतरी पोहोचायच्या गडबडीत होती. आईचं वर्षश्राद्ध झालं, त्या दिवशीही ब्राह्मण जेवून उठताच ती राजाजीनगरची बस पकडून गेली होती.

आता जायला कुठे नव्हतं. आई नाही, हे तिला तिथे, त्या कट्ट्यावर, ऊन चढत असताना नीट कळलं. तिने तोंड फिरवलं. कौशल्याबाईंनी पाहिलं, पण काही विचारलं नाही. सरकून जवळ आल्या आणि तिच्या डोक्यावर आपला पदर धरला.

"ऊन लागतंय," त्या म्हणाल्या. "रडा तुम्ही. पोरगी यायला अजून वेळ आहे."